किचनचं नूतनीकरण करताय? टाइल्सच्या आधी हवेचा रस्ता ठरवा

तीन वर्षांपूर्वी आम्ही मुंब्र्यातल्या आमच्या फ्लॅटचं किचन नव्यानं करून घेतलं. ग्रॅनाइटचा ओटा, वरखाली कपाटं, पांढऱ्या टाइल्स, सगळं मनासारखं झालं. फक्त ओट्यासमोरची खिडकी अर्धी बुजली. मिस्त्री म्हणाला होता, "सर, खिडकी ठेवली तर कपाटाची लाइन तुटते." आम्हीही मान डोलावली. कपाट डोळ्यांना दिसतं, हवा दिसत नाही.

पहिल्याच रमजानमध्ये चूक कळली. इफ्तारीचे समोसे तळायला घेतले की ट्यूबलाइटभोवती धुराचं कडं दिसायचं. कपाटांची दारं महिन्याभरात चिकट झाली, पावसाळ्यात कोपऱ्यात काळी बुरशी आली. अम्मींचा खोकला लांबला तेव्हा डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी विचारलं, "स्वयंपाक कोण करतं? किचनला खिडकी आहे का?" वर्गात मुलांना ज्वलनासाठी प्राणवायू लागतो हे दरवर्षी शिकवणारे आम्ही त्या प्रश्नावर गप्प बसलो.

शेवटी कपाट काढलं, खिडकी मोकळी केली आणि पंखा बसवला. दोनदा तोडफोड, दोनदा खर्च. ज्यांच्या घरात आता असं काम निघालं आहे त्यांच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून नियम, मापं आणि गॅसची सावधगिरी इथे एकत्र दिली आहे. हे वाचून मगच मिस्त्रीशी बोलायला बसा.

किचनच्या हवेत नेमकं काय साठतं?

गॅस आला म्हणजे धूर गेला, असा आपला समज असतो. चुलीच्या मानानं गॅस कितीतरी स्वच्छ आहे, यात वाद नाही. पण गॅसची ज्योतसुद्धा खोलीतली हवा वापरते आणि बदल्यात काही सोडते.

एक हिशेब करून पाहू. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. त्यातून सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड किलोहून थोडी जास्त पाण्याची वाफ तयार होते. म्हणजे १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन आपल्या किचनमध्ये सुटतं. ही फक्त ज्योतीतून निघालेली वाफ. भात, डाळ, निहारी यांची वाफ वेगळी. बाहेर जायला वाट नसेल तर हे सगळं पाणी भिंतीवर, कपाटामागे आणि छतावर बसतं. बुरशी येते ती इथूनच.

याशिवाय तीन गोष्टींकडे लक्ष हवं.

पहिली, तळण्याचा आणि फोडणीचा धूर. यात तेलाचे फार बारीक कण असतात आणि ते श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात.

दुसरी, नायट्रोजन डायऑक्साइड. ज्योत तापली की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन हा वायू बनतो. त्यानं श्वासनलिकेची जळजळ होते. दम्याच्या माणसाला आणि लहान मुलांना त्याचा त्रास जास्त.

तिसरी आणि सर्वांत धोक्याची, कार्बन मोनॉक्साइड. हवा कमी पडली किंवा बर्नर घाण झाला की गॅस अर्धवट जळतो आणि हा वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तात तो ऑक्सिजनची जागा बळकावतो. ज्योत निळी असायला हवी. ती पिवळी पडत असेल, भांड्यांच्या तळाला काजळी धरत असेल, तर बर्नर साफ करून घ्या आणि हवाही तपासा.

नियम काय सांगतात?

भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ साली नव्यानं प्रसिद्ध झाली. ती मार्गदर्शक आहे. प्रत्यक्षात आपल्या महापालिकेची किंवा नगरपालिकेची विकास नियंत्रण नियमावली लागू होते, म्हणून मोठं काम असेल तर तिथे किंवा परवानाधारक आर्किटेक्टकडे खात्री करून घ्यावी. पण किचन कसं असावं याचा अंदाज संहितेतून चांगला येतो.

• जेवणाची जागा वेगळी असेल तर किचन किमान ५ चौरस मीटरचं आणि १.८ मीटर रुंद असावं. किचनमध्येच जेवायला बसत असाल तर किमान ७.५ चौरस मीटर आणि रुंदी २.१ मीटर.

• उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट. फॉल्स सीलिंग करण्याआधी हा आकडा लक्षात ठेवा. छत खाली आलं की धूरही खाली, थेट नाकाशी येतो.

• किमान १ चौरस मीटरची (सुमारे पावणेअकरा चौरस फूट) खिडकी हवी आणि ती थेट मोकळ्या जागेत उघडायला हवी. डक्ट किंवा शाफ्टमध्ये उघडणारी खिडकी किचनसाठी चालत नाही.

• खोलीच्या क्षेत्रफळाच्या किती हिस्सा उघडणारी जागा हवी, हे हवामानावर ठरतं. मुंबई-कोकणासारख्या दमट उष्ण भागात एक षष्ठांश, कोरड्या उष्ण भागात एक दशांश. दारं यात मोजायची नाहीत. आणि किचनसाठी हे प्रमाण २५ टक्क्यांनी वाढवायचं.

आता वहीवर मांडू. तुमचं किचन १० फूट बाय ८ फूट आहे, म्हणजे ८० चौरस फूट. दमट हवेसाठी त्याचा सहावा हिस्सा सव्वातेरा चौरस फूट. त्यात पंचवीस टक्के वाढ धरली की साडेसोळा-सतरा चौरस फूट. चार फूट बाय चार फुटाची खिडकी सोळा चौरस फूट होते, म्हणजे जवळपास पुरेशी. पण थांबा, खिडकी कोणती आहे ते आधी पाहू.

स्लायडिंग खिडकीची गोम

खिडकी मोजताना उघडणारा भाग मोजायचा असतो. हल्ली जिकडेतिकडे अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बसवतात. दोन काचा एकमेकींवर सरकतात, म्हणजे उघडते ती फक्त अर्धी. वरच्या हिशेबातली सोळा फुटांची खिडकी हवेच्या दृष्टीनं आठ फुटांचीच उरली. त्यावर मच्छरजाळी बसली आणि ती तेलानं भरली की हवा आणखी कमी.

म्हणून नवी खिडकी करताना शक्य असेल तिथे पूर्ण उघडणारी, बिजागरीची खिडकी घ्या. जागा नसेल आणि स्लायडिंगच करावी लागली तर वरच्या बाजूला नऊ इंच ते एक फूट उंचीचा झरोका वेगळा ठेवा. गरम हवा वर जाते, तिला बाहेर पडायला दार वरच हवं. जुन्या घरांत छताजवळ रोशनदान असायचं ते याचसाठी. आपण ते जुनाट समजून बुजवलं आणि मग चिमणीला हजारो रुपये मोजले.

मच्छरजाळी निघणारी घ्या, म्हणजे महिन्यातून एकदा गरम पाणी आणि साबणानं धुता येईल.

ड्राय बाल्कनी बंद करताना

फ्लॅटमध्ये हा प्रश्न सर्वांत जास्त दिसतो. किचनला लागून भांडी-कपड्यांसाठी छोटी बाल्कनी असते आणि किचनची खिडकी किंवा दार तिच्यात उघडतं. जागा वाढवायची म्हणून आपण बाल्कनीला काचा लावतो, तिथे वॉशिंग मशीन ठेवतो, वर कपाट करतो. किचनची खिडकी जागच्या जागी राहते, पण आता ती बंद डब्यात उघडते. कागदावर खिडकी आहे, हवा मात्र नाही.

बाल्कनी बंद करण्यासाठी पालिकेची आणि सोसायटीची परवानगी लागते, हे वेगळं. हवेपुरतं बोलायचं तर, काचा लावल्याच असतील तर वरचा एक फुटाचा पट्टा तिरप्या पट्ट्यांचा, म्हणजे लुव्हरचा ठेवा. पाऊस अडतो, हवा जाते. किंवा चिमणीचा पाइप आणि एक्झॉस्ट फॅन बाल्कनी ओलांडून थेट बाहेर काढा. बाल्कनीत सोडलेला धूर दहा मिनिटांत पुन्हा आत येतो.

पडदाही राहील, हवाही येईल

आमच्याकडे अनेक घरांत किचनची खिडकी बंद राहते, कारण समोरच्या इमारतीची गॅलरी हाताच्या अंतरावर असते. घरातल्या बायकांना मोकळेपणानं वावरता यावं म्हणून खिडकीला जाड पडदा लागतो, काचेवर कागद चिकटतो आणि खिडकी कायमची बंद होते. ही अडचण खरी आहे. तिला हसून चालणार नाही, कारण अशी खिडकी नियमात बसली तरी उपयोगाची नसते. नूतनीकरणातच यावर उपाय करता येतो.

• खिडकीचा खालचा भाग धुरकट काचेचा आणि बंद, वरचा भाग नजरेच्या वर उघडणारा. साडेपाच-सहा फुटांच्या वर झरोका असेल तर समोरच्याला आतलं दिसत नाही.

• काचेच्या तिरप्या पट्ट्या. वळवल्या की नजर अडते, हवा अडत नाही.

• सिमेंटची किंवा मातीची जाळी. जुन्या बांधणीत ती भरपूर वापरत. फक्त भोकांची एकूण जागा पुरेशी आहे ना, ते मोजून घ्या.

मिस्त्रीला घरातले पुरुष भेटतात, मापं ते सांगतात, आणि दिवसाचे चार-पाच तास तिथे उभं राहणाऱ्या बाईला रंग विचारला जातो. आमच्याकडेही तसंच झालं होतं. खिडकी कुठे उघडी राहू शकते आणि कुठे नाही, हे तिला आधी विचारा.

एक्झॉस्ट फॅन: आकार आणि जागा

फॅन किती मोठा घ्यावा? किचनची हवा तासात साधारण पंधरा वेळा बदलावी, असा सोपा अंदाज धरता येतो. १० बाय ८ फूट आणि उंची ९ फूट, म्हणजे ७२० घनफूट. हे झाले सुमारे २० घनमीटर. गुणिले पंधरा म्हणजे तासाला ३०० घनमीटर. पंख्याच्या खोक्यावर हवेचा आकडा लिहिलेला असतो, पण तो मोकळ्या हवेतला असतो. भिंतीतलं भोक, जाळी, बाहेरची झडप यांनी तो कमी होतो. म्हणून दीडपट धरा आणि ४५० घनमीटरच्या आसपासचा पंखा मागा. नुसतं "आठ इंची द्या" म्हणू नका. एकाच आकाराच्या दोन पंख्यांत खूप फरक असतो.

आकारापेक्षा जागा महत्त्वाची. पंखा शेगडीच्या जवळ आणि छतालगत हवा. ताजी हवा जिथून येते त्या दारापासून किंवा खिडकीपासून तो लांब हवा. पंखा उघड्या खिडकीच्या अगदी शेजारी बसवला तर तो खिडकीतली ताजी हवाच ओढून बाहेर टाकतो, धूर शेगडीवर तसाच राहतो. पंखा गरगर फिरतो, घरचे म्हणतात पंखा बेकार आहे. बेकार पंखा नसतो, बेकार जागा असते.

जागेचा फरक किती पडतो हे इंग्लंडच्या इमारत नियमांतून चांगलं कळतं. तिथे थेट शेगडीवर हूड असेल तर सेकंदाला ३० लिटर हवा ओढणारा पंखा पुरतो. तोच पंखा किचनमध्ये दुसरीकडे असेल तर ६० लिटर लागतात. बरोब्बर दुप्पट.

विजेची चिंता करू नका. ४० वॉटचा पंखा रोज तीन तास चालवला तर महिन्याला साडेतीन-चार युनिट होतात. शेगडी पेटवण्याआधी लावा आणि स्वयंपाक झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा.

चिमणी घेताना

चिमणीचे दोन प्रकार असतात. एकात पाइप बाहेर जातो, दुसऱ्यात हवा कोळशाच्या फिल्टरमधून गाळून पुन्हा किचनमध्येच सोडली जाते. दुसरा प्रकार बसवायला सोपा, भिंत फोडावी लागत नाही. पण त्यातून तेल आणि वास थोडाफार कमी होतो इतकंच. उष्णता, वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि मोनॉक्साइड घरातच राहतात. म्हणून जमेल तिथे पाइपवालीच घ्या. बिनपाइपची घ्यावी लागली तर खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन यांना पर्याय समजू नका.

रुंदी: दोन-तीन बर्नरच्या शेगडीला ६० सेंटिमीटर, चार बर्नरला ९० सेंटिमीटर. चिमणी शेगडीपेक्षा अरुंद नको.

उंची: शेगडीपासून साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो, तोच पाळा. फार वर बसवली तर धूर बाजूनं निसटतो, फार खाली बसवली तर आगीचा धोका.

पाइप: चिमणीचं तोंड बहुतेक वेळा सहा इंचांचं असतं. भिंतीत भोक चार इंचांचं आहे म्हणून पाइप बारीक करायचा आग्रह होतो. वर्तुळाचं क्षेत्रफळ आठवा. सहा इंचांना छत्तीस, तर चार इंचांना सोळा या प्रमाणात जागा मिळते. म्हणजे निम्म्याहून कमी. मग १२०० घनमीटरची चिमणी घेऊन उपयोग काय? पाइप आखूड, सरळ आणि ताणलेला ठेवा. दोनापेक्षा जास्त वळणं टाळा.

तोंड कुठे काढायचं: थेट बाहेर. इमारतीच्या शाफ्टमध्ये नको, शेजाऱ्याच्या खिडकीखाली तर नकोच. आपल्या घरातला धूर त्यांच्या घरात घालणं हा काही उपाय नाही, सोसायटीतली भांडणं बहुधा इथूनच सुरू होतात.

भोक पाडण्याआधी: सहकारी गृहनिर्माण संस्थेत असाल तर कमिटीची लेखी परवानगी घ्या. बीम, कॉलम किंवा काँक्रीटच्या भिंतीला हात लावू देऊ नका. भोक विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीतच पाडायचं.

बाहेर हवा गेली, आत कुठून येणार?

हा मुद्दा बहुतेक जण विसरतात. खोली बाटलीसारखी बंद असेल तर पंखा हवा ओढणार कुठून? चिमणी चालू आहे आणि किचनचं दार-खिडकी बंद आहे, तर तिचा जोर निम्मा वाया जातो. कधी कधी ती बाथरूमची किंवा नहाणीची दुर्गंधीच आत ओढते.

किचनला दार असेल तर त्याच्या खाली अर्धा-पाऊण इंच फट ठेवा किंवा दाराच्या खालच्या भागात जाळी बसवा. ताजी हवा शक्यतो शेगडीच्या विरुद्ध बाजूनं यावी, म्हणजे ती खोली ओलांडून शेगडीवरून जाईल आणि धूर बरोबर घेऊन बाहेर पडेल.

काम झाल्यावर एक साधी परीक्षा घ्या. पंखा लावा आणि पातळ कागदाची पट्टी दाराच्या फटीशी धरा. ती आतल्या बाजूला झुकली तर हवेचा रस्ता बरोबर आहे. मग तीच पट्टी पंख्याजवळच्या खिडकीशी धरा. तिथे जास्त जोरानं आत झुकत असेल तर ती खिडकी स्वयंपाकाच्या वेळी बंद ठेवून दुसरीकडची उघडा.

गॅस: सिलिंडरला खाली वाट, पाइपच्या गॅसला वर

इथे चूक महाग पडते, म्हणून सावकाश वाचा.

सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला तर तो जमिनीवर पसरतो, खालच्या कपाटात आणि मोरीत साठतो. हल्ली मॉड्युलर किचनमध्ये सिलिंडर ओट्याखालच्या बंद कपाटात लपवतात. दिसायला छान, पण तळाशी भोकं नसतील तर गळलेला गॅस तिथेच कोंडून राहतो. कपाट करायचंच असेल तर दाराला तळाशी आणि वर, दोन्हीकडे जाळी हवी. सिलिंडर उभाच ठेवायचा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर हवी. खड्ड्यात किंवा तळघरात सिलिंडर कधीच नको.

पाइपनं येणारा नैसर्गिक गॅस, म्हणजे पीएनजी, मुख्यतः मिथेन असतो. तो हवेपेक्षा हलका, वजनानं जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त. गळला तर वर जाऊन छताशी साठतो. म्हणून पीएनजीच्या किचनला वरच्या बाजूला कायमची उघडी जागा हवी. जोडणी देताना गॅस कंपनीची माणसं खिडकीत किंवा भिंतीत अशी जागा ठेवायला लावतात. नूतनीकरणात मिस्त्री नेमकी तीच जागा "पाल येते" म्हणून बुजवतो. बुजवू देऊ नका, जाळी लावा. गॅसचा पाइप टाइल्सच्या आत किंवा भिंतीत गाडू नका. तो हलवायचा असेल तर कंपनीच्याच माणसाकडून हलवून घ्या.

गळती सांगणारं यंत्र बसवणार असाल तर हाच नियम लावा: सिलिंडरसाठी जमिनीजवळ, पीएनजीसाठी छताजवळ.

आणि हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या. गॅसचा वास आला तर एक्झॉस्ट फॅन, चिमणी किंवा दिवा लावू नका. चालू असेल तर बंदही करू नका, बटणाच्या ठिणगीनं भडका उडू शकतो. रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह बंद करा, दारं-खिडक्या हातानं उघडा, बाहेर या आणि मग फोन करा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. पीएनजीसाठी आपल्या कंपनीचा आपत्कालीन क्रमांक बिलावर छापलेला असतो, तो दारामागे लिहून ठेवा.

गॅस गीझर किचनजवळ आणताना

नूतनीकरणात गॅस गीझर बाथरूममधून काढून ड्राय बाल्कनीत आणतात. बाथरूममधून बाहेर काढणं चांगलंच, कारण बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइडनं जीव गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. पण त्याच बाल्कनीला काचा लावल्या तर धोका फक्त जागा बदलतो. वर जोरदार चिमणी चालू असेल तर गीझरचा जळका वायू ती किचनमध्ये ओढून घेऊ शकते. गीझर जिथे असेल ती जागा कायम उघडी हवी, नसेल तर विजेचा गीझर घ्यावा.

एका खोलीच्या घरात काय करावं?

सगळ्यांना वेगळं किचन नसतं. चाळीत, वस्तीत, पॉवरलूमच्या गल्ल्यांत एकाच खोलीत स्वयंपाक, अभ्यास आणि झोप असते. वरचे चौरस मीटरचे नियम वाचून हसू येईल, पण करण्यासारखं बरंच आहे.

शेगडी खोलीच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यातून काढून बाहेरच्या भिंतीला लावा. तिच्या वर छताजवळ भोक पाडून सहा इंची पंखा बसवा आणि स्वयंपाकाच्या वेळी समोरचं दार उघडं ठेवा. वर पत्रा असेल तर भिंत आणि पत्रा यांच्यामधली फट पूर्ण बंद करू नका, जाळी लावा.

पोटमाळ्याकडे विशेष लक्ष द्या. धूर आणि गरम हवा वर जाते आणि मुलं तिथेच झोपलेली किंवा अभ्यासाला बसलेली असतात. सहरीच्या वेळी खाली शेगडी पेटते तेव्हा वर मुलं गाढ झोपेत असतात. पोटमाळ्यालाही बाहेरच्या बाजूनं एक झरोका हवाच.

मिस्त्रीला काम देण्याआधी

ही यादी कागदावर उतरवून घ्या आणि अंदाजपत्रकाबरोबर मिस्त्रीसमोर ठेवा.

१. किचनचं क्षेत्रफळ किती? खिडकीचा उघडणारा भाग किती? हिशेब जुळतो का?

२. खिडकी थेट बाहेर उघडते की बंद बाल्कनीत?

३. नवी कपाटं, फ्रिज किंवा फॉल्स सीलिंग यांनी कोणती हवेची जागा बुजते आहे?

४. ताजी हवा कुठून येणार आणि कुठून बाहेर जाणार? नकाशावर बाण काढून दाखवा.

५. पंख्याचा आकडा घनमीटरमध्ये किती? चिमणीचा पाइप किती इंची, वळणं किती, तोंड कुठे?

६. सिलिंडरच्या कपाटाला वर-खाली जाळी आहे का? पीएनजीची वरची जागा मोकळी आहे का?

७. सोसायटीची परवानगी हातात आली का?

८. जाळी, फिल्टर आणि पंखा साफ करायला हात पोचतो का? जे निघत नाही ते धुतलं जात नाही.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नसेल तर काम सुरू करू नका. टाइल्स आठवड्यानं आणल्या तरी चालतात.

आमच्या घरी आता ओट्यावर एक कपाट कमी आहे. मसाल्याचे डबे दाराजवळच्या फळीवर गेले. अम्मींचा खोकला खिडकीनं बरा झाला असा दावा आम्ही करणार नाही. त्यांची औषधं चालू आहेत. पण गेल्या रमजानमध्ये समोसे तळताना त्या दोनदा बाहेर येऊन बसल्या नाहीत. शेवटचा घाणा काढून त्या म्हणाल्या, "आज डोळ्यांत पाणी नाही आलं." त्या एका कपाटाची जागा आम्हाला अजून तरी कमी पडलेली नाही.